घाट, पूर आणि जुनी छोटी मोटार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या छोट्या मोटारींविषयी आम्ही प्रश्न मागवले आणि सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून भरभरून पत्रे आली. दहा-पंधरा वर्षांची हॅचबॅक ही इकडच्या असंख्य घरांतली पहिली आणि पुष्कळदा एकमेव चारचाकी असते; दवाखाना, मुलांच्या परीक्षा, लग्नकार्य, गावची जत्रा, सगळे तिच्याच भरवशावर चालते. म्हणून ‘विकून टाका आणि नवी घ्या’ हा सल्ला मी सहसा देत नाही. मात्र जुन्या गाडीवरील खर्चाचा क्रम बहुतेक ठिकाणी चुकतो, हे या पत्रांतून पुन्हा जाणवले. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि पॉलिश यांच्यावर आधी पैसे जातात. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक, रबरी होज (नळ्या) आणि टायर यांची पाळी गाडी रस्त्यात बंद पडल्यावर येते. पुढील उत्तरांत हा क्रम बदलण्याचा माझा आग्रह आपल्याला वारंवार दिसेल.

प्रश्न : माझ्याकडे २००९ सालची अकराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुण्यापर्यंत ती काही त्रास न देता जाते. परंतु यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना, विशेषतः फुलांच्या हंगामात वाहनांची रांग लागली की, तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो. आमचे मेकॅनिक म्हणतात, ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच मिटेल.’ काढावा का?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : काढू नये. हा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो आणि तो मला मुळीच पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन ठरावीक तापमानाला आल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. छोट्या पेट्रोल गाड्यांत ती साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागते. ती काढून टाकली की इंजिन नीट तापण्यास फार वेळ लागतो, हिवाळ्यात सकाळी तर ते बराच काळ थंडच राहते. थंड इंजिनाला कंट्रोल युनिट जास्त पेट्रोल पाजत राहते, त्यामुळे मायलेज घटते आणि इंजिनाची झीज वाढते. एवढे करूनही घाटात गाडी तापण्याचे मूळ कारण तसेच राहते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा. ही वस्तू महाग नाही.

आपल्या पत्रातच दुखण्याचा पत्ता आहे. महामार्गावर वेगात जाताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. रांगेत किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना तो वारा नसतो आणि सगळी भिस्त विजेच्या पंख्यावर असते. जी गाडी पुण्यापर्यंत तापत नाही आणि यवतेश्वरला तापते, तिचा पंखा, पंख्याचा रिले, फ्यूज किंवा तापमानाचा स्विच सर्वांत आधी तपासला पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून, एसी बंद ठेवून इंजिन चालू ठेवावे आणि काट्याकडे लक्ष द्यावे. काटा नेहमीच्या जागेच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे, काही वेळाने बंद पडून पुन्हा सुरू झाला पाहिजे. सुरूच होत नसेल तर कारण सापडले. सुरू होतो पण कुथत फिरतो, असे असेल तर मोटर थकलेली असते आणि तीही बदलावी. पंखा चोख असेल तर रेडिएटरच्या जाळीकडे पाहावे. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत उसाचे पाचट, चिलटे आणि धूळ यांचा चांगला नमदा तयार झालेला असतो. बाहेरून पाणी मारून तो निघत नाही, दोन्ही वेगळे करावे लागतात.

कूलंट न वापरता बोअरचे पाणी ओतण्याची सवय गाडीला हळूहळू मारते. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंज धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण, किंवा तयार मिश्रण मिळते ते, एवढेच वापरावे. रेडिएटरचे झाकणही दुर्लक्षित राहते. ते कुकरच्या झाकणासारखे काम करते. आतला दाब टिकवून उकळण्याचे तापमान शंभर अंशांच्या बरेच वर, ११५-१२० अंशांपर्यंत नेते. त्याचे रबर कडक झाले की दाब सुटतो आणि चांगल्या रेडिएटरमधले पाणीही उकळते. एवढ्याशा झाकणापायी लोकांनी रेडिएटर बदललेले मी पाहिले आहेत.

एक तपासणी मात्र टाळू नका. रात्रभर थंड झालेल्या गाडीचे झाकण काढून इंजिन सुरू करावे. पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाला आतून लोण्यासारखा पांढरट थर दिसला, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ठोकळा आणि वरचे सिलिंडर हेड यांच्या मधल्या सीलची) शंका घ्यावी आणि ती दूर होईपर्यंत घाटात जाऊ नये. या गाड्यांचे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. एकदा जोरात तापले की ते वाकते, आणि मग खर्च पंख्याच्या मोटरच्या कितीतरी पट होतो.

घाटातच काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावावा. आतील मंडळींना त्रास होईल, पण हीटरची जाळी ही एक छोटा रेडिएटरच असल्याने इंजिनाची उष्णता तिकडून निघते. तरीही काटा उतरला नाही, किंवा वाफ दिसली, तर बाजूला थांबून इंजिन बंद करावे. झाकणाला अर्धा तास तरी हात लावू नये.

प्रश्न : माझी आल्टो २०११ मध्ये घेतलेली आहे. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असे सांगलीत सगळे जण सांगतात. गाडी उत्तम चालते. खरे काय?
— निवृत्त बँक कर्मचारी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हा समज दिल्लीवरून आला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्या बंदीचा सांगलीशी संबंध नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे तपासणीत गाडी योग्य ठरली तर दर वेळी पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणातही खासगी गाडीला केवळ वयामुळे सक्तीने भंगारात काढण्याची तरतूद नाही.

मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करावा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो. उशीर केल्यास दंड महिन्यागणिक वाढतो. विमा, पीयूसी, बाकी राहिलेली ई-चलने आणि २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट, यांपैकी एखादी गोष्ट अपुरी असली की अर्ज तिथेच अडतो; म्हणून तपासणीची तारीख घेण्याआधी ही कामे उरकावीत. तपासणीला नेण्यापूर्वी हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा, हॅन्डब्रेक, हॉर्न आणि सगळे दिवे पाहून घ्यावेत. गाडीवर पूर्वी कर्ज असेल आणि ते फिटूनही बँकेचे नाव आरसी पुस्तकावर राहिले असेल, तर नमुना ३५ देऊन तेही आता काढून घ्यावे. आपण बँकेतच होतात, त्यामुळे हे अधिक सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : मुलगी मिरजेला शिकायला जाते, तिच्यासाठी २०१४ सालची छोटी गाडी पाहिली आहे. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी आहे, रंग चकचकीत आहे. गाडी पुरात बुडालेली असेल अशी शंका माझ्या भावाला येते. हे कसे ओळखावे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्या बंधूंची शंका रास्त आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात, मारुती चौकात, हरभट रस्त्यावर चढले, तेव्हा असंख्य गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. त्यांतल्या काही नीट दुरुस्त झाल्या, काही नुसत्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या. मालकाने हे सांगून गाडी विकली तर त्यात गैर काही नाही. न सांगता विकणे ही फसवणूक आहे.

रंगाकडे पाहू नका. दिवसाउजेडी जा, काचा बंद करून पाच मिनिटे आत बसा आणि मग एसी लावा. पुराच्या गाळाचा कुबट वास अत्तराच्या बाटलीने झाकला जातो, पण एसीच्या पहिल्या झोताबरोबर तो बाहेर येतो. त्यानंतर चारही सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून पाहा. वरचा पट्टा धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या आत राहणारा शेवटचा वीतभर भाग सहसा कोणी धुत नाही. तिथे मातकट रंगाची आडवी रेघ, डाग किंवा हाताला लागणारी बारीक रेव आढळली, तर पाणी सीटच्या वर आले होते असे समजावे. सीट मागे सरकवून तिच्या रुळांवरचे आणि जमिनीतले बोल्ट पाहावेत. एवढ्या जुन्या गाडीत थोडा गंज असणारच. मात्र बोल्टची डोकी सोलवटलेली आणि शेजारी नवे मॅटिंग, ही जोडी संशयास्पद आहे. बाकी सगळी गाडी वापरून झिजलेली आणि मॅटिंग तेवढे कोरे करकरीत, हे कशासाठी, असे थेट विचारावे. डिकीतील स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात गाळ आहे का पाहावे, कारण तिथे साठलेले पाणी स्वतःहून लवकर निघत नाही.

डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरिंगच्या जोडण्या पाहाव्यात. तांब्यावर हिरवट थर आलेला असेल तर गाडी घेऊ नका, मग किंमत कितीही उतरवून मिळो. पुराच्या गाडीचे इंजिन उघडून साफ करता येते. वायरिंगमधला गंज मात्र दोन-तीन वर्षांनीही डोके वर काढतो. कधी पॉवर विंडो अडते, कधी पंखा लागत नाही, कधी पावसात गाडी सुरूच होत नाही, आणि प्रत्येक वेळी नवीन ठिकाणी शोध घ्यावा लागतो. गाडीला एअरबॅग असतील तर तिचे नियंत्रक यंत्र सहसा पुढच्या दोन सीटांच्या मध्ये जमिनीलगत असते, आणि ते भिजल्यावर त्याचा भरवसा उरत नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो.

कागदांतूनही बरेच कळते. जुन्या विमा पॉलिसी मागा. २०१९ किंवा २०२१ पर्यंत वाढत गेलेला नो क्लेम बोनस पुढच्याच वर्षी शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी दावा झाला होता. तो कशाचा, याचे समाधानकारक उत्तर मिळाले पाहिजे. व्यवहार ठरलाच तर नमुना २९ आणि ३० वर सह्या करून गाडी लगेच नावावर करून घ्या आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे वर्ग करण्यासाठी अर्ज करा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे.

मुलगी स्वतः चालवणार असल्याने एक विनंती : स्वस्त मिळते म्हणून वरच्या मॉडेलची थकलेली गाडी घेण्यापेक्षा साधीच पण नोंदी पक्क्या असलेली घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांतून ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल व चारही टायर पहिल्याच आठवड्यात बदलावेत.

प्रश्न : आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथेच इथेनॉल तयार होते, त्यामुळे त्याविरुद्ध बोलणे आम्हाला बरे वाटत नाही. पण माझ्या २००३ च्या झेनचे मायलेज पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून कमी झाले आहे. गाडीला धोका आहे का?
— एक शेतकरी, कराड तालुका

उत्तर : मायलेज कमी होणे हा आपला भास नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रणात त्याचा हिशेब साध्या पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची घट असा होतो, म्हणजे पंधरा किलोमीटर देणारी गाडी चौदाच्या आसपास येते. त्याहून बरीच जास्त घट असेल तर दोष इथेनॉलला न देता स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर तपासावेत.

आपली झेन इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी आहे, त्यामुळे ती मिश्रणाशी काही प्रमाणात जुळवून घेते. २००० सालापूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ते जमत नाही. त्यांत हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते, चढावर गाडी अडखळते, आणि जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलून जुळवणी करावी लागते. आपल्याकडे खरी काळजी रबराची आहे. २० टक्के इथेनॉल चालेल अशा साहित्याच्या गाड्या सर्वसाधारणपणे एप्रिल २०२३ पासून आल्या. वीस वर्षांपूर्वीचे पेट्रोल होज, ओ-रिंग आणि पंपाचे सील त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, नंतर तडकतात, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून इंजेक्शनच्या दाबाला आणि इथेनॉलला चालणारे होज नव्या क्लिपांसह बसवून घ्यावेत. कामाच्या मानाने खर्च किरकोळ आहे. इथेनॉल टाकीतला जुना मळही सैल करते, तेव्हा पेट्रोल फिल्टर एकदा आत्ता आणि पुन्हा काही महिन्यांनी बदलावा. ते हवेतली ओल शोषते. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये, आणि शक्य तर आठवड्यातून एकदा कोरेगाव किंवा उंब्रजपर्यंत तरी चालवून आणावी. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी ती सुरूच करू नये.

प्रश्न : टायरची नक्षी अजून शाबूत आहे, गाडी वर्षाला जेमतेम चालते. तरी गॅरेजवाले बदला म्हणतात. ऐकावे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : टायरच्या बाजूवर उत्पादनाचा चार अंकी आकडा असतो. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षे उलटून गेली असतील आणि बाजूच्या रबरावर केसासारख्या भेगा दिसत असतील, तर नक्षी कितीही खोल असो, गॅरेजवाल्यांचे ऐकावे. स्टेपनीचाही आकडा पाहावा. ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते.

प्रश्न : उत्पादन बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग किती वर्षे मिळतील? माझी मारुती ८०० आहे.
— एक वाचक, फलटण

उत्तर : मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, परंतु तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आल्टो आणि ओम्नी याही गाड्यांत असल्याने इंजिन, क्लच आणि ब्रेकचे भाग आजही सहज मिळतात. अडचण दरवाजांची रबरे, काचेच्या पट्ट्या आणि पत्र्याचे भाग यांची होते. चांगल्या अवस्थेतील दरवाजाची रबरे कुठे दिसली तर घेऊन ठेवावीत. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो लगेच बदलून घ्यावा.

प्रश्न : माझे सासरे पाचगणीहून वाईला पसरणीच्या घाटाने उतरताना गाडी न्यूट्रल करतात, कधी इंजिनही बंद करतात. पेट्रोल वाचते असे ते म्हणतात. त्यांना उलट बोलणे बरे दिसत नाही, पण मुले गाडीत असतात तेव्हा मला भीती वाटते.
— एक वाचक, वाई

उत्तर : आपली भीती अगदी बरोबर आहे, आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्यावे.

कार्बोरेटरच्या काळात ही सवय पुष्कळांना लागली. इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला पेट्रोल जाणे जवळजवळ थांबते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहण्यासाठी पेट्रोल लागते. म्हणजे बाबांच्या पद्धतीने पेट्रोल वाचत नाही, थोडे जास्तच जाते. इंजिन बंद केल्यावर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पेडल दगडासारखे कडक लागते. पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होते, आणि किल्ली चुकून पूर्ण मागे फिरून निघाली तर स्टीअरिंग कुलूपबंद होऊ शकते. पसरणीच्या वळणांवर यांपैकी एकही गोष्ट घडून चालणार नाही.

न्यूट्रलमध्ये गाडी धरून ठेवण्याचे सगळे काम ब्रेकवर पडते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत असल्याने जुने झाले की कमी तापमानाला उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या, तो उतरावा. ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ ठामपणे दाबून सोडावा, आणि जळका वास आला तर मोकळ्या जागी थांबून तो थंड होऊ द्यावा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. आपल्या गाडीचे शेवटचे कधी बदलले ते घरात कोणाला आठवत नसेल, तर पुढच्या पाचगणीच्या फेरीआधी ते बदलून घ्यावे आणि तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी.